बातमीतील दुसऱ्याचे शब्द

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कोणी काय केले यापेक्षा कोणी काय म्हटले याच मजकुराचा वाटा सामान्यतः मोठा असतो. मंत्र्याची घोषणा, विरोधकाचा आरोप, न्यायालयाचे निरीक्षण, पोलिसांनी दिलेली माहिती आणि अपघातातून वाचलेल्या माणसाचे चार शब्द ही सारी दुसऱ्याची वाक्ये असून बातमीदार ती वाचकापर्यंत वाहून आणत असतो. अशा रीतीने उतरवून घेतलेल्या शब्दांना अवतरण म्हणतात, आणि ते जसेच्या तसे उतरवले आहेत अशी हमी देणाऱ्या खुणांना अवतरणचिन्हे. पत्रकाराच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत वृत्तपत्रस्वातंत्र्य, मालकी, राजसत्ता असे भारदस्त विषय बाजूला ठेवून दोन स्वल्पविराम उलटे टांगल्यासारख्या दिसणाऱ्या खुणेची चर्चा व्हावी, हे कोणाला कोतेपणाचे वाटणे शक्य आहे. तथापि बातमीचा खरेपणा बोट ठेवून तपासता येईल अशा जागा अंकात थोड्याच असतात आणि ही त्यांपैकी एक आहे. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की मराठी वाक्यात दुसऱ्याचे बोलणे कोठे संपते हे व्याकरण सांगते, पण ते कोठे सुरू होते हे बहुधा सांगत नाही, आणि त्यामुळे उघडणाऱ्या अवतरणचिन्हावर मराठी बातमीत जेवढा भार पडतो तेवढा तो त्याच्या मूळच्या इंग्रजी घरातही पडत नाही.

मराठीजवळ हे चिन्ह मुळात नव्हते. मोडीत शब्द तोडून लिहिण्याचीही रीत नव्हती, तेथे वाक्यातला आवाज बदलल्याची खूण असण्याचे कारणच नव्हते. देवनागरी पोथ्यांत दंड असत, पण ते चरण किंवा ओवी संपल्याचे सांगत, बोलणारा बदलल्याचे सांगत नसत. इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशकार्यातील हे सहकारी पुढे सरकारी पाठ्यपुस्तकांची भाषा तपासत असत आणि ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचे पुस्तक १८५० चे आहे. म्हणजे ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले तेव्हा मराठी बातमी जन्मली होती, मात्र तिच्या विरामचिन्हांचे शास्त्र मराठीत लिहिले जायचे होते. ‘दर्पण’च्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण मराठी पत्रकारिता पहिल्या दिवसापासून भाषांतराच्या शेजारात वाढली आणि त्या शेजाराचे परिणाम अवतरणांवर अजूनही दिसतात.

चिन्ह नव्हते म्हणून सोय नव्हती, असे मात्र नाही. संस्कृतात उद्धृत वचनाच्या शेवटी ‘इति’ येते, त्याच जागी मराठीत ‘असे’ किंवा ‘म्हणून’ येते. पेशवेकालीन पत्रव्यवहारात आलेल्या पत्रातील मजकूर उत्तरात पुन्हा सांगायचा आणि शेवटी ‘म्हणोन लिहिले, ते कळले’ अशा धर्तीच्या शब्दांनी तो बंद करायचा ही कारकुनांची नित्याची पद्धत होती. वाचणारा ‘म्हणोन’पर्यंत पोहोचला की मागचे सारे समोरच्याचे होते हे त्याला उमगे. ज्याला पत्र जाई त्याला आपण काय लिहिले होते हे ठाऊक असल्यामुळे या पद्धतीत घोटाळा होत नसे. बोलण्याची सुरुवात आधी सांगणारा शब्द आजच्या मराठीत एकच, तो म्हणजे ‘की’, आणि तोही फारसीतून आलेला. अवतरणाचे दार उघडणारी दोन्ही साधने, ‘की’ आणि उघडणारे चिन्ह, अशी परक्या भाषांनी दिलेली आहेत, तर दार लावणारे शब्द घरचे आहेत.

दुसऱ्याचे शब्द जपण्याची कसोशी मात्र मराठीत फार जुनी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि पुढे केसोबासांनी त्यातून स्वामींची वचने तेवढी वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ रचला. वचन प्रसंगातून उचलले की ते कोणाला उद्देशून, केव्हा आणि कशावरून उच्चारले होते हे हरपते, याची जाण महानुभाव पंथाला होती, म्हणूनच कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले ते सांगणारी ‘प्रकरणवश’ नावाची रचनाही तेथे झाली. आजच्या राजकारण्यांची ‘माझे विधान संदर्भ सोडून छापले’ ही नेहमीची तक्रार खरी असो वा पळवाट असो, तिचे उत्तर मराठीत सातशे वर्षांपूर्वी शोधले गेले होते. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत त्याची आठवण कोणी काढत नाही एवढेच.

आता बातमीच्या वाक्याकडे वळता येईल. उदाहरणादाखल रचलेले हे वाक्य पाहावे: तालुक्यातील पाणीपुरवठा योजनांची कामे गेल्या तीन वर्षांत निविदा न काढता मर्जीतील ठेकेदारांना देण्यात आली असून त्यातून कोट्यवधी रुपयांची लूट झाल्याचा आरोप विरोधी पक्षनेत्यांनी केला. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि अशी वाक्ये रोज छापली जातात; पण ‘आरोप’ हा शब्द येईपर्यंत वाचकाने निविदा न निघाल्याचे, मर्जीतले ठेकेदार असल्याचे आणि लूट झाल्याचे वर्तमानपत्राच्या तोंडून ऐकलेले असते, आणि घाईने वाचणारा ओळ अर्धवट सोडून पुढे गेला तर त्याच्यापुरता आरोप हा निकाल होऊन बसतो. इंग्रजी वाक्यात बोलणारा कर्ता सहज आरंभी येतो. मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे ‘म्हणाले’, ‘सांगितले’, ‘आरोप केला’ हे सारे शेपटाकडे जाते. याला उपाय दोनच. ‘विरोधी पक्षनेत्यांचा आरोप असा, की’ अशी सुरुवात करून जबाबदारी आधी सांगणे हा एक, आणि मूळ शब्द हाती असतील तर पहिल्याच शब्दापूर्वी अवतरणचिन्ह उघडून हे बोलणे दुसऱ्याचे आहे असे वाचकाच्या डोळ्याला कळवणे हा दुसरा. मथळ्यात तर बोलणाऱ्याचे नाव पुष्कळदा मावतच नाही, म्हणून भारतीय प्रेस परिषदेने पत्रकारितेच्या आचारनियमांत स्पष्ट सांगितले आहे, की आरोप असलेल्या मथळ्यात तो कोणी केला ते यावे, निदान अवतरणचिन्हे तरी असावीत. मराठी मथळ्यांत जागेच्या टंचाईमुळे प्रथम हेच चिन्ह कापले जाते आणि अर्ध्या अक्षराची जागा वाचवताना वृत्तपत्र दुसऱ्याचे विधान स्वतःच्या अंगावर ओढवून घेते.

वरच्या वाक्यातील ‘झाल्याचा’ या रूपाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. ‘होणार असल्याचे सांगितले’, ‘नसल्याचे स्पष्ट केले’, ‘झाल्याचा दावा केला’ अशा रचनेत बोलणाऱ्याचे आख्खे वाक्य एका धातुसाधितात, म्हणजे क्रियापदापासून बनवलेल्या नामासारख्या रूपात, विरघळून जाते; त्याचा काळ, त्याचा जोर, त्याचे ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ यांतले काही उरत नाही, आणि त्याला चिन्ह लावायचे तर ते कोठे लावावे हेही कळत नाही. ‘पाणी सोडू, पण पाऊस पाहून’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावावर ‘पाणी सोडणार असल्याचे सांगितले’ एवढेच छापले जाते आणि चार दिवसांनी त्याने शब्द फिरवला अशी दुसरी बातमी तयार होते. वृत्तलेखनातील ही रचना सोयीची आहे, आटोपशीर आहे, आणि मराठी बातमीतून माणसांचा आवाज नाहीसा करण्याचे सर्वांत मोठे काम तिनेच केले आहे.

शाळेत शिकवले जाणारे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथनाचे नियम इंग्रजी व्याकरणातले आहेत. तेथे चिन्हे काढली, की पुरुष आणि काळ दोन्ही बदलावे लागतात, त्यामुळे चिन्ह गळाले तरी वाक्याची ठेवणच वाचकाला सावध करते. मराठीत ‘अध्यक्ष म्हणाले, की मी राजीनामा देणार नाही’ हे चिन्हांशिवाय लिहिले तरी ‘मी’ अध्यक्षांचाच राहतो आणि काळही त्यांचाच राहतो. हे त्यांचे तंतोतंत शब्द आहेत की बातमीदाराने काढलेला सारांश, हे ठरवायला व्याकरणाचा काही उपयोग होत नाही. उरते ते केवळ चिन्ह. ‘आपण राजीनामा देणार नाही, असे अध्यक्षांनी सांगितले’ या पर्यायात आणखी एक पेच आहे, कारण ‘आपण’ हे सर्वनाम बोलणाऱ्याकडे वळते तसेच ते ऐकणाऱ्यांसह सर्वांना कवेत घेते, आणि ‘आपण निवडणूक लढवणार नाही’ असे वाक्य आले तर नेता एकटा बाजूला होत आहे की सारा पक्ष, हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून ज्या विधानावरून पुढे वाद होणार हे उघड आहे, तेथे मूळ शब्द चिन्हांत देणे ही शैलीची हौस राहत नाही.

अवतरणाला टेकू देणाऱ्या क्रियापदांबाबत मराठी बातमी श्रीमंत आहे आणि तीच तिची अडचण आहे. ‘म्हणाले’ आणि ‘सांगितले’ ही दोन क्रियापदे कोणाची बाजू घेत नाहीत. ‘स्पष्ट केले’ म्हणताच आधी काही तरी धूसर होते आणि आता सत्य बाहेर आले अशी कबुली वृत्तपत्र देऊन टाकते. ‘निदर्शनास आणून दिले’ यातही दाखवलेली गोष्ट तेथे आहेच हे गृहीत असते. ‘कबूल केले’ यात अपराध गृहीत आहे, ‘दावा केला’ यात अविश्वास आहे, ‘ग्वाही दिली’ यात भाटगिरीचा वास आहे, आणि ‘प्रतिपादन केले’ हे क्रियापद सत्कारसमारंभातील उपस्थितांनी एकमेकांना वाटून घेतलेले आहे. अलीकडे ‘टोला लगावला’, ‘घणाघात केला’, ‘तोफ डागली’ यांची भर पडली आहे, ज्यांमुळे अवतरणातले वाक्य अगदी मिळमिळीत असले तरी वाचकाला कुस्ती पाहिल्याचे समाधान मिळते. एकाच बातमीत सत्ताधारी ‘स्पष्ट करतात’ आणि विरोधक ‘दावा करतात’, तेव्हा चिन्हांतील शब्द कितीही अचूक असले तरी तोल गेलेलाच असतो. एकच क्रियापद पुन्हा पुन्हा येऊ नये या शालेय निबंधाच्या भीतीने उपसंपादक पर्याय शोधतो; वस्तुतः ‘म्हणाले’ हा शब्द एका बातमीत पाच वेळा आला तरी वाचकाच्या लक्षातही येत नाही.

पूर्ण वाक्याऐवजी एखाददुसरा शब्द चिन्हांत देण्याला अंशावतरण म्हणता येईल. मराठीत ते इंग्रजीपेक्षा अवघड आहे, कारण मराठी शब्द वाक्यात जाताना रूप बदलतो. मूळ विधान ‘हे आरोप बिनबुडाचे आहेत’ असे असेल आणि बातमीत ‘बिनबुडाच्या’ आरोपांना उत्तर देणार नाही असे छापले, तर चिन्हांतील रूप बोलणाऱ्याने उच्चारलेलेच नसते. ते बातमीच्या वाक्याने घडवलेले असते. विशेषनामांत हीच अडचण सामान्यरूपाची, म्हणजे विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या अंत्याक्षरात होणाऱ्या बदलाची, म्हणून पुढे येते. ‘केसरी’ने, ‘दर्पण’चा असा प्रत्यय चिन्हाबाहेर जोडता येतो, कारण तेथे शब्द बदलत नाही; पण ‘लोकसत्ता’ला प्रत्यय लावताना चिन्हांत ‘लोकसत्ते’ लिहावे तर नाव मोडते आणि न लिहावे तर भाषा मोडते. नावाच्या बाबतीत नाव अभंग ठेवून ‘लोकसत्ता’मध्ये असे लिहिणे हा मार्ग बरा. माणसाच्या बोलण्याच्या बाबतीत मात्र ज्या शब्दाचे रूप बदलावे लागते तो चिन्हांतून बाहेर काढावा, किंवा वाक्यच फिरवून घ्यावे, हे अधिक प्रामाणिक आहे. याखेरीज ज्या शब्दाविषयी लेखकाला शंका किंवा तिरस्कार आहे त्याला एकेरी चिन्हांची टोपी घालण्याची सवय पसरली आहे: ‘तथाकथित’ हा शब्दही चिन्हांत आणि त्यापुढचा ‘समाजसेवक’ही चिन्हांत. हा उपहास अग्रलेखात शोभेल. बातमीत त्याने खऱ्या अवतरणाची पत घसरते, कारण तेच चिन्ह एका ओळीत ‘हे त्याचेच शब्द’ असे सांगते आणि दुसऱ्या ओळीत ‘यावर विश्वास ठेवू नका’ असे.

जसेच्या तसे म्हणजे किती तसे, हा प्रश्न याच्या पुढचा. मराठीत कोणीही ‘मी काम केले’ असे बोलत नाही, ‘केलं’ असे बोलतो. आणि मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी पात्राच्या तोंडचे बोलणे दाखवताना अनुस्वारयुक्त रूपाला मोकळीक ठेवली आहे. एकारान्त गद्याच्या मधोमध ‘केलं, गेलं’ दिसले की वाचकाला आवाज ऐकू येतो, ही मराठीची स्वतःची, कोणाकडून उसनी न घेतलेली अवतरणखूण आहे. दैनिकांनी ती बातमीत वापरावी. लेखनाचे प्रमाणीकरण क्षम्य आहे, शब्दांचे नाही. वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकाच्या किंवा कोकणातल्या मच्छीमार स्त्रीच्या तोंडी ‘शासनाने याबाबत तातडीने उपाययोजना करावी’ असे वाक्य घालून ते चिन्हांत छापणे ही सरळ बनावट आहे, मग त्यांचा आशय तोच असो. उलट बाजूने पुढाऱ्याची भाषा प्रमाण करून घ्यायची आणि मजुराची मात्र उच्चारासकट ठेवायची, हीही एक जातीची चेष्टाच आहे. न्याय एकच लावावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९१ मध्ये मनोविश्लेषक जेफ्री मॅसन आणि ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या लेखिका जॅनेट माल्कम यांचा वाद आला तेव्हा न्यायालयाने मध्यम मार्ग काढला: व्याकरणाची किंवा किरकोळ शब्दांची दुरुस्ती केली म्हणून अवतरण खोटे ठरत नाही, परंतु बदलामुळे अर्थात लक्षणीय फरक पडत असेल तर ठरू शकते. न्यायालयाला दायित्व ठरवायचे असल्यामुळे तेवढी सूट पुरेशी होती. वाचकाला मात्र शब्द हवे असतात, आणि दुरुस्ती करावीशी वाटली तर चिन्हे काढून सारांश देण्याची वाट खुलीच असते.

चिन्हांच्या मांडणीविषयी थोडक्यात. अवतरणानंतर ‘असे’ येणार असेल तर आत पूर्णविराम देऊ नये, स्वल्पविराम द्यावा. प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह असेल तर तेच पुरे, त्यापुढे स्वल्पविरामाची गरज नाही. ‘की’च्या बाबतीत स्वल्पविराम त्याच्या आधी यावा, कारण ‘की’ पुढच्या वाक्याचा आहे, मागच्याचा नव्हे. ‘की’नंतर स्वल्पविराम देण्याची पद्धत बोलताना घेतलेल्या श्वासावरून आलेली दिसते. अवतरण अनेक परिच्छेदांत चालणार असेल तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी चिन्ह उघडावे आणि फक्त शेवटच्या परिच्छेदाअखेर बंद करावे. बाहेर एकेरी आणि आत दुहेरी, की उलट, हा रिवाजाचा भाग आहे. एका दैनिकाने एकच रिवाज पाळला म्हणजे झाले.

चिन्ह लावले की छापणारा मोकळा झाला, ही समजूत कायद्याला मान्य नाही. बदनामीकारक विधान दुसऱ्याचे म्हणून छापणाराही ते प्रसिद्ध करतोच, आणि पूर्वीच्या भारतीय दंडसंहितेचे कलम ४९९ असो वा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ असो, अवतरणचिन्ह हा त्यातला अपवाद नाही. न्यायालयीन कामकाजाचा आशयाने खरा वृत्तान्त हा मात्र अपवाद आहे. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा आक्षेपार्ह मजकुरात पुण्यातील शिवराज्याभिषेक उत्सवात झालेल्या भाषणांचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी उद्गार घातलेली टोपणनावाची कविता यांचा समावेश होता. एकात बोलणारे वक्ते होते, दुसऱ्यात बोलणारा इतिहासपुरुष होता. अठरा महिन्यांची सक्तमजुरी मात्र संपादकाला झाली. विधिमंडळाच्या बाबतीत चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३६१क मुळे कामकाजाच्या आशयाने खऱ्या वृत्तान्ताला संरक्षण आहे. पण अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेले शब्द छापणे धोक्याचेच, हे पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ने १९५७ मध्ये बिहार विधानसभेतील अशा भाषणाचा वृत्तान्त छापला आणि सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाचा विशेषाधिकार उचलून धरला, तेव्हाच ठरून गेले. शब्द उच्चारले गेले होते, बातमीदाराने ते ऐकले होते, तरी कायद्याच्या लेखी ते अवतरण उरले नव्हते.

सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण भाषांतराची आहे. दिल्लीत हिंदीत केलेले भाषण वृत्तसंस्थेकडून इंग्रजीत येते, मराठी उपसंपादक ते मराठीत करतो आणि चिन्हांत छापतो. मराठी खासदार मराठीत बोलला असेल तर त्याचे वाक्य इंग्रजीला वळसा घालून मराठीत परत येते आणि त्याला स्वतःलाही ते ओळखू येत नाही. १९०८ मध्ये टिळकांवरील राजद्रोहाच्या दुसऱ्या खटल्यात ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या १२ मे आणि ९ जूनच्या अग्रलेखांची सरकारी इंग्रजी भाषांतरे न्यायमूर्ती दावर आणि ज्यूरीपुढे ठेवण्यात आली. ज्यूरीतील नऊपैकी सात जण युरोपीय होते. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक चाललेल्या आपल्या भाषणात आणि उलटतपासणीत मराठी शब्दांना दिलेल्या इंग्रजी प्रतिशब्दांवर सविस्तर आक्षेप घेतले, कारण सौम्य शब्दाला तिखट प्रतिशब्द दिला की लेखाचा हेतूच बदलतो, हे त्यांना सिद्ध करायचे होते. आक्षेप टिकले नाहीत आणि २२ जुलै रोजी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. भाषांतरित वाक्याला मूळ वाक्याचा दर्जा दिल्याने काय होते, याचे मराठी पत्रकारितेच्या घरातले इतके ठळक उदाहरण असताना मराठी दैनिके आज तीच गोष्ट रोज निमूटपणे करतात.

भाषांतर टाळता येणार नाही, हे उघड आहे. पण भाषांतरातील शब्द चिन्हांत देताना ते भाषांतर आहे असे सांगणे टाळण्याचे कारण नाही. ‘हिंदीत बोलताना’ किंवा ‘इंग्रजी निवेदनात’ या दोन शब्दांना अर्धी ओळही लागत नाही. मराठी दैनिकांच्या संपादकांनी ते उद्याच्या अंकापासून घालावेत, आणि ते नसतील तेथे वाचकांनी चिन्हे नाहीतच असे धरून वाचावे.